चालू महिना

माझा धंदा गेल्या महिन्याचा. साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, घराच्या पुढच्या खोलीत बसून मी लोकांचे हिशेब लिहिते आणि त्यांची विवरणपत्रं भरते. जूनमधली विक्री जुलैच्या ११ तारखेपर्यंत कळवायची, तिच्यावरचा जीएसटी २० तारखेपर्यंत भरायचा. मार्चला संपलेल्या वर्षाचं उत्पन्न जुलैअखेर जाहीर करायचं. आगाऊ कराचं याच्या उलट. १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. त्यात अजून हातात न आलेल्या पैशांचा अंदाज बांधायचा. म्हणजे काम एक तर होऊन गेलेल्याचं, नाही तर व्हायच्या असलेल्याचं. चालू महिन्याची फक्त बिलं गोळा होतात. त्याच्याकडे बघायचं ते तो संपल्यावर.

इतकी वर्षं या पंचांगावर काढली की मनही त्याच तारखांनी चालायला लागतं. जेवताना सकाळचा फोन आठवतो, फोनवर बोलताना संध्याकाळची भाजी. यात दुःख नव्हतं. काम चोख होत होतं, आईची औषधं वेळेवर येत होती, दूधवाल्याचं कार्ड भरलेलं असायचं.

कंदी आली ती नेमकी जुलैत, म्हणजे करसल्लागाराला पाणी प्यायलाही सवड नसते त्या दिवसांत. खत-बियाण्यांचं दुकान असलेले माझे एक जुने क्लायंट बिलांच्या पिशवीबरोबर एक बुट्टी घेऊन आले. बुट्टीत युरियाच्या पोत्याचा तुकडा आणि त्यावर साताऱ्याच्या कंदी पेढ्याच्या रंगाचं एक पिल्लू. "मॅडम, दुकानामागं कुत्री व्यालीय. बाकीची दिली. ही एकच राहिलीय. आई लई राखणदार आहे हिची." मी नाही म्हणायच्या बेतात होते. तेवढ्यात आतून आईनं विचारलं, "कोण कुईकुई करतंय गं?" आई माहेरची नरसोबाच्या वाडीकडची. ती बाहेर आली, बुट्टीत वाकून बघितलं आणि निकाल दिला, "गुरुवारी दारात आलंय, माघारी कसं पाठवायचं? राहू दे. पण स्वयंपाकघरात पाऊल नको." या शेवटच्या अटीचं पुढं काय झालं ते विचारू नये.

पिल्लू घरात आलं की पहिलं शिक्षण त्याचं सुरू होत नाही, आपलं होतं. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, झोपून उठली की बाहेर न्या, खाल्लं की न्या, खेळून झालं की न्या. फरशी ओली झाल्यावर ओरडून काही शिकत नाहीत ही. वेळेवर अंगणात नेलं तरच शिकतात. वेळेवर म्हणजे कधी, ते मात्र घड्याळात बघून कळत नाही, तिच्याकडे बघूनच कळतं. खेळता खेळता ती मध्येच थांबते. नाक फरशीला लागतं. एक अर्धी गिरकी होते, मग एक पुरी. दुसऱ्या गिरकीत मागचे पाय किंचित दुमडायला लागतात. पहिल्या गिरकीपासून या दुमडण्यापर्यंत जेवढा वेळ असतो तेवढाच आपला.

आणि गिरकी सुरू व्हायची ती हमखास विसाव्या तारखेला, पोर्टलवर सगळे आकडे जुळून फोनवर ओटीपी आलेला असताना. ओटीपीला काही मिनिटं तरी मुदत असते, कंदीला काही सेकंद. मी फोन टाकून तिला उचलून अंगणात पळायची, आणि नाहीच जमलं तर फडकं आणायला पळायची. आई पाटावर गवार निवडत बसलेली. "नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले होते कुत्र्यामागं. तुझ्या नशिबी फडकं."

वर्तमानात राहणं म्हणजे मन शांत होणं, असं मला वाटायचं. माझ्या वहिनी इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यनेच्या शिबिराला जाऊन आल्या होत्या. १९७६ पासून तिथं दहा-दहा दिवसांची शिबिरं होतात. वहिनी सांगायच्या, बोलायचं नाही, वाचायचं नाही, लिहायचं नाही. पहिले तीन दिवस तर फक्त नाकपुडीपाशी श्वास येतो-जातो ते बघायचं. ऐकताना मला हेवा वाटायचा. पण दहा दिवस कोणत्या महिन्यातून काढायचे, हा हिशेब कधी बसला नाही. आता घरातच एक नाकपुडी बघत बसायची वेळ आली, आणि त्यात शांतता औषधालाही नव्हती. गुडघे दुखत होते, हाताला फिनेलचा वास येत होता. तरी एक गोष्ट खरी, इतकं सलग मी दुसऱ्या कुणाच्या अंगाकडे कधी बघितलं नव्हतं. कान कुठं वळलाय, शेपूट कितपत सैल आहे, श्वास झोपेचा आहे की नुसता पडून राहिल्याचा. हे बघताना दुसरा विचार करता येत नव्हता. केला की फरशी ओली.

डॉक्टरांनी सांगितलेल्या आणखी दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध होत्या. लसी पूर्ण होईपर्यंत तिला रस्त्यावर खाली सोडू नका; पार्वो आणि डिस्टेंपर पिल्लांना बघता बघता नेतात, आणि पार्वोचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो. आणि दुसरी, तिला आत्ताच जग दाखवा, मोठी झाल्यावर दाखवून फार उपयोग नाही. या दुसऱ्या सल्ल्यामागं मोठं काम आहे. अमेरिकेतल्या मेन राज्यात, बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेत, जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पाच जातींच्या कुत्र्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि १९६५ मध्ये तो पुस्तकरूपानं मांडला. पिल्लू जन्मतं तेव्हा डोळे मिटलेले आणि कान बंद. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ते उघडतात. तिसऱ्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत जे भेटेल ते त्याच्या ओळखीचं होतं. त्यानंतर भेटलेल्या नवख्या गोष्टीकडे ते आधी भीतीनंच बघतं. म्हणजे जग दाखवायचं आणि जमिनीला पाय लावू द्यायचे नाहीत. मार्ग एकच उरला, कडेवर घेऊन फाटकात उभं राहायचं.

असं काहीही न करता मी माझ्याच फाटकात कधी उभी राहिले नव्हते. कुणाला सोडायला किंवा कुणाची वाट बघायला आपण फाटकात येतो. आता रोज सकाळ-संध्याकाळ कंदीला छातीशी धरून मी रस्ता बघत होते. घंटागाडी यायची, तिचं गाणं वळणावर आधी भिंतींवर आपटून यायचं. चढावर एसटी गिअर बदलायची तेव्हा कंदीच्या बरगड्या माझ्या तळहाताखाली ताठ व्हायच्या आणि एसटी गेली की सैल. पोत्याखाली वाकलेला हमाल, काठी टेकत जाणारे आजोबा, रेनकोटात चेहरा लपलेला पोरगा, कुणाच्या तरी घरातली कुकरची शिट्टी. शेजारणीनं दारात छत्री उघडली तेव्हा ही माझ्या काखेत घुसली. मग शेजारीण हसत हसत तीच छत्री पाच-सात वेळा उघडून-मिटून दाखवत राहिली, पावसात उभी राहून, मध्येच भिजत. समोरची पिठाची गिरणी मी लहानपणापासून ऐकत आलेय. पण रिकामी फिरताना तिचा सूर उंच असतो आणि ज्वारी ओतली की तो खाली बसतो, हे कंदीच्या कानांमुळं कळलं. सूर बदलला की तिचे कान बदलायचे. मग मीही ऐकू लागले, आणि पुढं पुढं सुरावरून सांगता यायला लागलं की आत दळण पडलंय की गिरणीवाला नुसताच चहा पितोय. भाद्रपद जवळ आला तशी मंडळाची ढोल-ताशाची तालीम सुरू झाली. तोवर कंदीची भीड इतकी चेपली होती की ढोलाच्या ठोक्याला ती जांभई द्यायची.

पावसाचं तिला आमच्याआधी कळायचं. यवतेश्वराच्या बाजूनं सर येते, आधी किल्ल्यावरचा मनोरा गिळते, मग तटबंदी, मग आमच्या पत्र्यावर पोचते. मनोरा अजून स्वच्छ दिसत असतानाच कंदीचं नाक वर व्हायचं आणि नाकपुड्या थरथरायला लागायच्या.

त्या नाकाबद्दल मी वाचत गेले. वास टिपणाऱ्या पेशी आपल्या नाकात सुमारे ५०-६० लाख, कुत्र्याच्या नाकात जातीप्रमाणे २० ते ३० कोटींच्या घरात. नाकपुडीच्या कडेला जी चीर दिसते तिच्यातून श्वास बाहेर पडतो, त्यामुळं समोरून येणारा नवा वास उच्छ्वासानं उधळला जात नाही. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमध्ये कुत्र्यांच्या जाणिवेचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ च्या आपल्या पुस्तकात एक गोष्ट ध्यानात आणून दिली आहे. वासात काळ असतो. जुना वास विरलेला, ताजा वास दाट. आणि वाऱ्यावरून येणारा वास म्हणजे वळणापलीकडची, अजून न पोचलेली गोष्ट. लसी झाल्यावर कंदी पहिल्यांदा रस्त्यावर उतरली आणि कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापाशी थांबली ती हलेचना. मला तिथं एक गंजका खांब दिसत होता. तिला काल संध्याकाळी कोण गेलं, पहाटे कोण गेलं, आणि आत्ता खालच्या आळीतून कोण वर येतंय, हे सगळं एकाच जागी हुंगायला मिळत होतं.

कुत्री वर्तमानात जगतात, त्यांना ना काल असतो ना उद्या, असं सगळे म्हणतात. त्यात आपल्याला एक सोय असते: ती निरागस, आपण गुंतागुंतीचे. मला ते पटेनासं झालं. खतवाले क्लायंट दर महिन्याला बिलं घेऊन येतात तेव्हा कंदी भुंकत नाही, उड्या मारत नाही. त्यांच्या पायजम्याच्या घोट्याला नाक लावते आणि डोळे अर्धे मिटून उभी राहते. तिची आई अजून त्यांच्या दुकानामागंच असते. काल नसलेल्या प्राण्याचं हे उभं राहणं नव्हे. झोपेतही तिचे पाय पळतात, ओठ हलतात, बारीक भुंकणं घशातच राहतं. एमआयटीमधल्या केनवे लुई आणि मॅथ्यू विल्सन यांनी २००१ मध्ये दाखवून दिलं की चक्रव्यूहात फिरलेल्या उंदरांच्या मेंदूतल्या पेशी जागेपणी ज्या क्रमानं उद्दीपित झाल्या, त्याच क्रमानं झोपेतही होतात. उंदराला त्याचा दिवस झोपेत पुन्हा भेटत असेल, तर कंदीला शेजारणीची छत्री भेटत नसेल असं मी कशावरून म्हणू? आणि उद्या? आईनं काठवट खाली घेतली की भाकरी थापायच्या आतच ही उंबऱ्याशी हजर. तिला काळाचे तिन्ही तुकडे आहेत. फरक एवढाच, की तिचा काल खांबावर असतो, पायजम्यावर असतो, हाताशी असतो. माझा काल वहीत असतो. ती आजच्या आत काल वागवते. मी कालच्या आत आजचा दिवस ढकलते.

म्हणून मग मी वर्तमान नावाच्या त्या सुईच्या टोकावर उभं राहायचा नाद सोडला. ते टोक मला कधी सापडलंच नसतं. कंदीचा आज ऐसपैस आहे, त्यात मागचं-पुढचं दाटीवाटीनं बसतं. ते तिथं यायला फक्त एकच अट आहे, थांबावं लागतं. क्लायंटच्या पायजम्याची तिची हुंगाहुंगी संपेपर्यंत त्यांना उठता यायचं नाही, म्हणून ते चहा घ्यायला लागले. चहा घेताना बोलायला लागले. त्यांच्या खात्यात 'येणे' या रकान्यात वर्षानुवर्षं फुगत गेलेली रक्कम मी बघत आले होते. तिच्या मागची माणसं आता ऐकू आली: सोयाबीनचा भाव पडला म्हणून न फिरकलेला एक, पोरीच्या लग्नात अडकलेला एक, आणि उधारी न फेडता वारलेला पण ज्याच्या घरी मागायला जायचं नाही असं यांनी ठरवून टाकलेला एक. यातलं काही विवरणपत्रात जात नाही. पण तो आकडा मी आता वेगळ्या तऱ्हेनं लिहिते.

आमच्या देव्हाऱ्यात दत्ताची तसबीर आहे. मागं गाय, पायाशी चार कुत्री. ते चार वेद, असं आई सांगते. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले २४ गुरू सांगतो, आणि परंपरा त्या अवधूताला दत्तात्रेय मानते. याच स्कंधावर एकनाथांनी ओवीबद्ध टीका लिहिली आणि १५७३ मध्ये काशीत ती पूर्ण केली. त्या गुरूंमध्ये पृथ्वी आहे, वारा आहे, कबुतर, अजगर, हत्ती, मासा, कोळी आहे, कुत्रा नाही. मला मात्र त्या यादीतला बाण करणारा कारागीर नेहमी आवडत आलाय. तो बाण सरळ करण्यात इतका गढलेला असतो की शेजारून राजाची स्वारी गेली तरी त्याला कळत नाही. गणपतीची मिरवणूक खिडकीखालून जात असताना ताळेबंद जुळवणाऱ्या बाईला हा गुरू जवळचा वाटणारच. कंदीला ती स्वारी कळली असती. घोडे किती, भालदार कोण, राजा आजारी आहे का, सगळं. तरी तिलाही गढून जाणं येतंच. खांबापाशी ओढून बघा. तिचं गढणं दार लावून घेत नाही, एवढंच. बाण करणाऱ्याची एकाग्रता मला कामासाठी लागते आणि लागेल. माणसांसाठी मात्र ही दुसरी लागते, हाक यायच्या आधी कान वळलेली. मी आईला म्हटलं, "चोवीसांत कुत्रं नाही बघ." आई वाती वळत होती. "पायाशीच होती की ती. घरातल्यांची नावं यादीत कोण घालतं?"

दिवाळीच्या सुमाराला दात पडायला लागले. पिल्लाचे दुधाचे दात २८, कायमचे ४२. पडलेले बहुतेक ते गिळूनच टाकतं. हिरड्या शिवशिवतात म्हणून हाती लागेल ते चावायचं. चपला गेल्या, खुर्चीचा पाय गेला, एका चलनाचा वरचा कोपरा गेला. आणि एके सकाळी तिला उचलायला वाकले तर कडेवर मावेना. फाटकातलं उभं राहणं संपलं होतं. आमच्या खात्यात उशीर झाला तरी वाट असते. विलंब शुल्क भरा, वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज भरा, राहिलेलं विवरणपत्र दाखल करा. पिल्लाच्या आठवड्यांना अशी सोय नाही. बाराव्या आठवड्यात न दाखवलेली छत्री विसाव्या आठवड्यात दंड भरून दाखवता येत नाही. मी हिशेबी बाई. कुत्र्याचं आयुष्य बारा-चौदा वर्षांचं धरून तिच्या म्हातारपणात माझं वय काय असेल, आई असेल का, ही बेरीज केव्हाच करून ठेवलीय. ती बेरीज मनातून पुसावी असं वाटत नाही. तीही आजच्याच दिवसात राहते. फक्त तिच्यामुळं आजचा दिवस आखडत नाही.

बघायची सवय लागली की ती फक्त कुत्र्यापुरती राहत नाही. माजघरातून परसदारी उतरताना एक उंच पायरी आहे. कंदी तिथं रोज थांबते, आई उतरेपर्यंत पुढं जात नाही. ती का थांबते म्हणून मी बघायला लागले आणि मग आईकडे बघायला लागले. आई त्या पायरीशी आली की पदर सावरते. पदर जागेवरच असतो. सावरण्याच्या निमित्तानं ती दोन क्षण घेते, डावा हात भिंतीला टेकवते आणि मगच उजवा पाय खाली सोडते. कुठल्याही प्रश्नाला तिनं 'बरी आहे' हेच उत्तर दिलं असतं, म्हणून मी विचारलंच नाही. वेल्डिंगवाल्याला बोलावून भिंतीला हाताच्या उंचीवर स्टीलचा पाइप बसवून घेतला. आईनं दोन दिवस त्याला हात लावला नाही. "मी काय म्हातारी झाले?" तिसऱ्या दिवशी लावला.

पुढल्या महिन्यात खतवाले आले, बिलांची पिशवी टेबलावर ठेवली, पायजम्याचा घोटा कंदीच्या हवाली केला. आईनं त्यांना चहा दिला आणि मुद्दाम पायरीपर्यंत नेऊन पाइप दाखवला. "तुमच्या कुत्रीनं बसवून घेतला बघा. हिला कधी दिसला असता?" मी २० तारखेचे आकडे जुळवत होते, पण ऐकू आलं.